घरासाठी राउटर घेताय? अँटेना मोजण्याआधी भिंती मोजा

"दादा, कोणता राउटर घेऊ?" हा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा सोबत शॉपिंग अ‍ॅपची लिंक असते. फोटोत कोळ्यासारखा काळा डबा, सहा अँटेना, आणि खाली लिहिलेलं असतं की अख्ख्या घरात फुल रेंज. माझं उत्तर ठरलेलं आहे. लिंक राहू दे, आधी घर सांग. भिंती कशाच्या आहेत, नेटची वायर कुठून आत येते, मोबाइल घेऊन तू बसतोस कुठं, आणि लाइट गेल्यावर काय करतोस?

आमच्या सोनईत हे चारही प्रश्न महत्त्वाचे आहेत. एकाच गल्लीत एक घर काळ्या दगडाचं, शेजारचं नवीन आरसीसीचं, आणि त्यापलीकडं पत्र्याचं असतं. निम्म्या लोकांची तर गावात एक खोली आणि शेतात वस्ती असते. पुण्याच्या वन बीएचकेमध्ये बसून केलेला रिव्ह्यू इथं फारसा कामाला येत नाही.

आधी दोष राउटरचाच आहे का ते बघा

नेटवाल्याने लावलेल्या डब्यापासून चार-पाच फुटांवर उभे राहा. मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा (नावात बहुतेक वेळा "५जी" असं शेपूट असतं, त्याचा सिमच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही). बाकी सगळ्यांना दोन मिनिटं नेट बंद ठेवायला सांगा आणि स्पीड टेस्ट करा. इथं प्लॅनएवढा स्पीड मिळाला आणि आतल्या खोलीत मरतोय, तर अडचण वाय-फायची आहे. डब्याशेजारीच रडतखडत चालत असेल तर अडचण लाइनची किंवा प्लॅनची आहे. मग दहा हजारांचा राउटर आणला तरी तो तेच रडगाणं जरा लांबून ऐकवेल, एवढंच.

आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने होणार. "शंभरचा प्लॅन आहे आणि बाराच येतंय" ही तक्रार मी खूप ऐकलीय. त्यात नेटवाल्याची काही चूक नसते.

घरातला डबा राउटर आहे की अजून काही?

फायबरमधून तुमच्याकडं येतो तो उजेड. त्या उजेडाचं डेटात रूपांतर करणाऱ्या यंत्राला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. हल्ली ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात बसवलेले असतात, म्हणून सगळे त्याला राउटरच म्हणतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या राउटरला मात्र फायबरचं ते हिरवं किंवा निळं टोक लागतच नाही. त्याला लॅन केबलचं भोक असतं. त्यामुळं जुना डबा काढून नवीन लावू, असा बेत असेल तर तो तिथंच अडकतो. जुना डबा राहणार, नवा त्याच्या मागे लागणार.

तो दोन प्रकारे लावता येतो. एक म्हणजे जुन्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकायचं. मग तो फक्त उजेडाचा डेटा करतो, आणि लॉगिन, वाय-फाय सगळं नवा राउटर सांभाळतो. यासाठी नेटवाल्याकडून पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड लागतं, आणि सगळेच ते देत नाहीत. दुसरा सोपा मार्ग म्हणजे नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला टाकायचं आणि जुन्या डब्याचं वाय-फाय बंद करायचं. घरगुती वापराला हा दुसरा मार्ग पुरतो. यातलं काहीच न करता दोन राउटर एकामागे एक लावले तर नेट चालतं, पण डबल नॅट होतं. ऑनलाइन गेम आणि घरच्या सीसीटीव्हीला त्याचा त्रास होऊ शकतो.

डब्यावरच्या आकड्यांची गंमत

एसी १२०० असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. हा आकडा बेरजेचा आहे: २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, एकूण ११६७, गोल करून १२००. तुमचा मोबाइल एका वेळी यातल्या एकाच पट्टीवर असतो, त्यामुळं १२०० कुणालाच मिळत नाही. ८६७ सुद्धा कागदावरचे आहेत, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे-साठ टक्के मिळाले तरी खूश व्हा. एएक्स १५०० म्हणजे ३०० अधिक १२०१, आणि एएक्स ३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. पद्धत तीच.

खरी मेख मागच्या बाजूला असते. स्वस्तातल्या बऱ्याच एसी १२०० राउटरांची लॅन-वॅनची पोर्ट फक्त १०० एमबीपीएसची असतात. म्हणजे वर १२०० चा बोर्ड, आणि आत यायला शंभरचाच दरवाजा. तुमचा प्लॅन २०० चा असेल तर निम्मे पैसे दर महिन्याला त्या दरवाज्यातच अडकणार. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये "गिगाबिट पोर्ट" किंवा १०/१००/१००० असं लिहिलंय का ते शोधा. फक्त १०/१०० असेल तर पुढं सरका. प्लॅन ३० किंवा ५० चाच असेल आणि पुढंही तोच ठेवायचा असेल तर मात्र १०/१०० ने काही बिघडत नाही.

वाय-फाय ५ की ६? वाय-फाय ५ ची सुधारणा फक्त ५ गिगाहर्ट्झसाठी होती. २.४ वर तो राउटर जुन्या वाय-फाय ४ नेच बोलतो. वाय-फाय ६ दोन्ही पट्ट्यांवर चालतं आणि एकाच वेळी अनेक उपकरणांना थोडं थोडं वाढणं त्याला चांगलं जमतं. पंगतीत एकेकाला पूर्ण जेवण देऊन मग पुढच्याकडं जाण्याऐवजी सगळ्या ताटांत एकदम वाढत जावं, तसं. घरात चार मोबाइल, टीव्ही, कॅमेरे असतील तर आज घेताना वाय-फाय ६ च घ्या, फरक हजार-बाराशेच्या आसपासचा असतो. पण मोबाइलसुद्धा वाय-फाय ६ चा हवा, नाहीतर फायदा अर्धवटच. त्याच्याही वरचं मॉडेल साध्या घरासाठी मी सुचवत नाही. ते पैसे पुढं येणाऱ्या केबलवर घाला.

आणि अँटेना? संख्येचा रेंजशी थेट संबंध नाही. ताकदीलाही मर्यादा आहे, ती सरकारने ठरवून दिलीय. भारतात २.४ गिगाहर्ट्झची पट्टी २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये परवान्याशिवाय वापरायला खुला झाला, पण किती ताकदीने ओरडायचं ते ठरलेलंच आहे. शिवाय वाय-फाय हे दोघांचं बोलणं आहे. आठवडे बाजारात भोंगा लावलेल्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, पण तुम्ही लांबून दिलेली हाक त्याला जात नाही. मोबाइलचा आवाज बारीकच असतो. म्हणून कधी कधी फुल काड्या दिसतात आणि पेज मात्र उघडत नाही.

भिंतींची परीक्षा, फुकटात

राउटर घेण्याआधी ही एक चाचणी करा, पैसे लागत नाहीत. दोन मोबाइल घ्या. एकाचा हॉटस्पॉट चालू करून तो राउटर ठेवायचाय त्या जागी ठेवा. बऱ्याच अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉट २.४ वर हवा की ५ वर हे निवडता येतं. दुसऱ्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये एखादं वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाका आणि घरभर फिरा.

अ‍ॅप डीबीएममध्ये उणे आकडा दाखवतं. उणे ५० म्हणजे मस्त. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ ला अडखळतो, उणे ८० च्या पुढं सोडून द्या. यात ३ कमी झाले म्हणजे ताकद निम्मी झाली, १० कमी झाले म्हणजे दहावा हिस्सा उरला. भिंतीच्या अलीकडं उणे ४८ आणि पलीकडं उणे ६३ असेल, तर ती एक भिंत १५ खातेय. हॉटस्पॉट राउटरपेक्षा कमजोर असतो, त्यामुळं राउटर आणल्यावर आकडे थोडे सुधारतील, पण भिंत खाते तेवढी खातच राहणार.

साधी विटांची चार इंची भिंत फार त्रास देत नाही. नऊ इंची जरा जास्त. आरसीसीचा स्लॅब वाईट, कारण त्यात लोखंडी सळईची जाळी असते. दीड-दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंतीपलीकडं ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ संपतं, २.४ कसंबसं पोचतं. पत्रा तर आरसाच आहे, लाटा त्यावरून परत फिरतात. पत्र्याच्या खोलीत राउटर असेल तर खोलीत झकास आणि बाहेर ओट्यावर काहीच नाही. मग ती लाट दारा-खिडकीतून जेवढी निसटेल तेवढीच.

जागा निवडताना तीन ठिकाणं टाळा: टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, आणि फ्रिजशेजारी. देवघराच्या वरच्या फळीवर ठेवतात तिथं रेंज बरी मिळते, फक्त उदबत्तीचा धूर आणि तेलाचा थर त्या बिचाऱ्याच्या भोकांत जातो. उंचीवर, घराच्या मध्याजवळ, उघड्यावर ठेवा. उभ्या अँटेनाची लाट मेदूवड्यासारखी पसरते. अँटेना वड्याच्या भोकात उभी, आणि वडा आडवा चहूकडं. थेट वर-खाली ती कमी जाते. माडीवर रेंज हवी असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

मधे दगडाची भिंत असेल तर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: कॅट-६ केबल ओढा आणि पलीकडं दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून लावा. जुना पडलेला राउटरही चालतो. शंभर मीटरपर्यंत ही केबल आरामात काम करते. रिपीटर स्वस्त असतो, पण साधा रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळं स्पीड साधारण निम्मा होतो. मेशचे सेट छान दिसतात, पण दोन डब्यांमध्ये ती दगडाची भिंतच असेल तर मेशही तिथंच दम टाकतो. मेशला मागून केबल जोडली तर तो खरंच चांगला चालतो.

वस्ती, ऊस आणि अर्धा किलोमीटर

आता आमच्या भागातला खरा प्रश्न. मुळा कारखान्याच्या या ऊसपट्ट्यात फायबर गावात येऊन थांबतं, आणि माणसं राहतात वस्तीवर. आमच्या काकांची वस्ती गावातल्या घरापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. चुलत बहीण सीईटीची तयारी करतेय, क्लास ऑनलाइन, आणि वस्तीवर मोबाइलची रेंज एक काडी. नेटवाल्याने खांबांचा खर्च सांगितला तो परवडणारा नव्हता. दुसरा पर्याय होता नगरला रूम करून देण्याचा. रूमभाडं आणि मेस धरली तर वर्षाचा हिशोब काकांना झेपत नव्हता, आणि काकूची एकटीला पाठवायची तयारी नव्हती. काकांनी "लाँग रेंज" लिहिलेला एक राउटर पसंत करून ठेवला होता.

असा कुठलाच घरगुती राउटर अर्धा किलोमीटर जात नाही. त्यासाठी वेगळी वस्तू असते, आउटडोअर ब्रिज किंवा सीपीई. पांढऱ्या चपट्या डब्यांची जोडी, एक गावातल्या गच्चीवर, एक वस्तीवर, तोंडं समोरासमोर. चहूकडं लाट सांडण्याऐवजी हे डबे ती एका दिशेला ढकलतात, बॅटरीच्या झोतासारखी. घरच्या नेटला एक जोडायचा, दुसऱ्याच्या मागे वस्तीवर साधा राउटर लावायचा.

फक्त मधे काय आहे ते बघावं लागतं, आणि मधे ऊस असतो. ओलं पान वाय-फायला भिंतीसारखंच. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की काही महिने सगळं मोकळं दिसतं, नेट पळतं. पुढच्या पावसाळ्यात ऊस डोक्यावरून जातो आणि लोक म्हणतात यंत्र बिघडलं.

शिवाय दोन डबे एकमेकांना दिसले एवढ्यावर भागत नाही. लाट दोरीसारखी सरळ जात नाही, मधे ती फुगते, दोन्ही टोकांना निमुळत्या फुग्यासारखी. या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झवर ५०० मीटर अंतर असेल तर बरोबर मध्यावर तो वर-खाली अडीच-अडीच मीटर असतो. त्यातला साठ टक्के मोकळा असला तरी काम भागतं, म्हणजे दीड मीटर. उसाची उंची ४ मीटर धरली तर मध्यावर लाटेची रेघ किमान साडेपाच मीटरवर हवी, साडेसहा असेल तर उत्तम. गच्ची साडेतीन मीटरची आणि वर तीन मीटरचा जीआय पाइप असला की झालं. २.४ गिगाहर्ट्झची जोडी घेतली तर ती पानांतून थोडी बरी जाते, पण तिचा फुगवटा याच अंतराला चार मीटरचा होतो, मग पाइप अजून उंच लागतो. आम्ही ५ चीच जोडी लावली आणि पाइप ऊस नसताना नाही, ऊस आहे असं धरून उभा केला. क्लास चालू आहेत. रूमचा विषय निघालेला नाही.

पाइपाला अर्थिंग करा, पावसाळ्याआधी नक्की. आणि दोन इमारतींमधलं अंतर शंभर मीटरच्या आत आहे म्हणून उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढू नका. आसपास वीज पडली तर ती केबल दोन्हीकडची यंत्रं जाळू शकते. तिथं फायबरची वायर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर लावा, काचेतून वीज वाहत नाही. आपलं नेट आपल्याच वस्तीवर न्यायलाही आधी कनेक्शनच्या अटी वाचा. शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणं तर चालतच नाही.

लाइट गेली की

इन्व्हर्टर असेल तर मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइट जाताना जो क्षणभर झटका बसतो त्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि लाइन जुळेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. यूपीएस मोडमध्ये बदल इतका पटकन होतो की राउटरला कळतही नाही.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट वाचा. १२ व्होल्टच्या राउटरला ९ चा देऊ नका, ९ च्या राउटरला १२ चा तर नाहीच. अँपिअर मात्र यूपीएसचे जास्त असले तरी चालतात. डब्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३२ वॅट-तास. १२ व्होल्टला चढवताना थोडं वाया जातं, हातात २७ उरतात. राउटर ८ वॅट खात असेल तर सव्वातीन तास. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज लागणार, वेळ निम्मा धरा. आणि चौकातल्या नेटवाल्याच्या पेटीला बॅकअप आहे का ते त्याला विचारून ठेवा, कारण तिकडं अंधार झाला की तुमचा यूपीएस नुसते दिवे दाखवत बसतो. लाल एलओएस दिवा लागला तर उजेडच येत नाहीये असं समजा. तिथं राउटर रिसेट करून फायदा नाही, उलट सेटिंग पुसलं जातं.

कुलूप

आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर आहे, जिथं घरांना दारं-कुलुपं नसण्याची ख्याती आहे. तिथं २०११ मध्ये युको बँकेने शाखा काढली, ती "बिनकुलपाची" म्हणून गाजली. तरी बँकेने आपल्या परीने बंदोबस्त ठेवलाच होता. राउटरच्या बाबतीत शनिदेवावर भार टाकता येत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते फक्त कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले होते म्हणून.

पासवर्ड दोन असतात. वाय-फायचा सगळे बदलतात. राउटरच्या सेटिंगचा, तो "अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन", तसाच राहतो. तो आधी बदला. डब्ल्यूपीएस बंद करा. डब्ल्यूपीए-३ असेल तर डब्ल्यूपीए-२/३ मिश्र मोड ठेवा, कारण जुने मोबाइल आणि बरेचसे कॅमेरे नुसत्या ३ वर जोडत नाहीत. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क काढा आणि कॅमेरेही त्यातच टाका. घेतानाच कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कधी आलंय ते बघा. तीन वर्षांपूर्वीचं असेल तर तो राउटर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

डबा घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत मघाची हॉटस्पॉटवाली फेरी खऱ्या राउटरवर पुन्हा मारा, त्याच खोल्या, तेच आकडे, आणि एकदा रात्री नऊ वाजता, जेव्हा गल्लीतले सगळे नेटवर असतात. २.४ वर गर्दी दिसली तर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो लावा, हे तीनच एकमेकांत घुसत नाहीत. बिल आणि खोका तोवर फेकू नका.